खोक्यावर २५ हजार तास, मग एलईडी बल्ब वर्षभरातच का जातो? जाणून घ्या खरं कारण

एलईडी बल्बच्या खोक्यावर अनेकदा '२५,००० तास' असं छापलेलं असतं. रोज ६ तास लावला तर हिशोबाने तो ११ वर्षांहून जास्त चालायला हवा. पण गावाकडे कित्येक बल्ब वर्ष-दीड वर्षातच गुल होतात. मग हा आकडा खोटा आहे का?

हा आकडा बहुतेक वेळा आतल्या पिवळ्या टिकल्यांचा, म्हणजे एलईडी चिपचा असतो. चिपचा उजेड कमी होत ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा तो काळ धरतात. पण बल्ब जातो तो बऱ्याचदा ड्रायव्हरमुळे. होल्डरकडच्या भागात बसवलेली ही छोटी सर्किट २३० व्होल्टची लाइट चिपला चालेल अशी करून देते.

उष्णता : ड्रायव्हरमधला कपॅसिटर गरमीने आतून सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या घरात किंवा बंद काचेच्या गोळ्यात बल्ब लवकर जातो तो यामुळेच.

व्होल्टेज : शेतीपंप बंद झाले की व्होल्टेज एकदम चढतं. लाइट जाऊन येताना आणि विजा कडाडतानाही झटका बसतो. स्वस्तातल्या बल्बमध्ये हा झटका सोसायची सोय नसते.

घरातले दोन-तीन बल्ब एकदमच गेले, किंवा काही बल्ब जास्त तेज आणि काही मंद दिसू लागले, तर दोष बल्बचा नसून न्यूट्रल ढिला असू शकतो. अशा वेळी मेन स्विच बंद करा आणि लाइनमनला कळवा. टीव्ही, फ्रिजही जळू शकतो. स्वतः डीपीवर किंवा खांबावर चढू नका.

घेताना काय बघायचं?
- बल्बवर किंवा खोक्यावर बीआयएस नोंदणीचा 'आर' ने सुरू होणारा नंबर. 'बीआयएस केअर' ॲपवर तो फुकट तपासता येतो.
- वॉरंटी किती ते विचारा. पक्कं बिल घ्या आणि बल्बवर मार्करने तारीख टाका. वॉरंटीत गेला तर दुकानदाराकडून बदलून मागता येतो.
- होल्डर ढिला किंवा काळा पडलेला असेल तर आधी तो बदला.

एक चिप जळली की बऱ्याच बल्बमध्ये सगळ्याच विझतात. काही जण ती चिप जोडून बल्ब पुन्हा पेटवतात. पण टोपण काढलेला बल्ब चालू असताना हात लावला तर जोराचा शॉक बसू शकतो. लेकराबाळांच्या घरात हा उद्योग नकोच.

एवढं असूनही एलईडी परवडतोच. रोज ६ तास लावल्यास ६० वॅटचा जुना बल्ब महिन्याला जवळपास ११ युनिट खातो. ९ वॅटचा एलईडी दोन युनिटही खात नाही. म्हणून बल्ब एलईडीच घ्या, फक्त नंबर आणि बिल बघून घ्या.