आपल्या माणसांचे अपराध

वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करणारा ग्रेगर मेंडेल आपल्याला शाळेपासून माहीत असतो. ज्या ऑगस्टिनियन मठात राहून त्याने ते प्रयोग केले, तो मठ चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात आजही उभा आहे. मेंडेल घरी जर्मन बोलत वाढला. त्याच्या काळात ब्रनोत याचं कुणालाच नवल वाटलं नसतं, कारण शहराच्या गल्ल्यांतून जर्मन आणि चेक दोन्ही भाषा कानावर पडत. 1930 च्या खानेसुमारीतही तिथे 50,000 च्या वर जर्मन नोंदले गेले होते. पुढच्या वीस वर्षांत तो समाज जवळजवळ नाहीसा झाला. तो कसा गेला, हे सांगणारी एक स्मृतिशिळा त्याच मठाच्या बागेत 1995 मध्ये बसवली गेली. पण शिळा बसवली म्हणून शहर बोलू लागलं नाही. त्यासाठी काही विद्यार्थ्यांना पायी चालावं लागलं.

30 मे 1945. युरोपातलं युद्ध थांबून तीन आठवडे झाले होते. त्या संध्याकाळपासून ब्रनोतल्या जर्मनभाषक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं यांना घराबाहेर काढायला सुरुवात झाली. कामाच्या वयाचे पुरुष त्यांच्यात फारसे नव्हतेच. जे शहरात उरले होते त्यांना मजुरीसाठी मागे ठेवलं गेलं, बाकीचे युद्धात मेलेले किंवा कैदेत होते. हाताला लागेल ते गाठोडं घेऊन हे 20,000 हून अधिक लोक दक्षिणेला, ऑस्ट्रियाच्या सीमेकडे हाकलले गेले. पहाऱ्यावर झ्ब्रोयोव्का या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यातले हत्यारबंद कामगारही होते. हा लोंढा पलीकडे घ्यायला ऑस्ट्रियात कुणी तयार नव्हतं. हजारो माणसं वाटेतल्या पोहोरझेलित्से या गावच्या छावणीत अडकली. तिथे भूक होती, मारहाण होती आणि हगवणीची साथ होती. गावाबाहेर रस्त्यालगतच्या सामूहिक दफनभूमीवर आज 890 मृतांचा उल्लेख आहे. एकूण किती मेले यावर वाद आहे. चेक इतिहासकार साधारण 1,700 पर्यंत जातात, तर हाकललेल्यांच्या बाजूने मांडला जाणारा आकडा 5,000 च्या पुढे आहे.

या घटनेच्या आधीची सहा-सात वर्षं वगळून हे सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. 1938 मध्ये कोनराड हेनलाइनच्या हिटलरधार्जिण्या पक्षामागे चेकोस्लोव्हाकियातले बहुसंख्य जर्मन उभे राहिले. त्याच वर्षी म्युनिकमध्ये चेक लोकांना न विचारता त्यांचा सुदेतन हा जर्मनबहुल सीमाप्रदेश हिटलरला देऊन टाकण्यात आला, आणि पुढच्या मार्चमध्ये उरलेला देशही नाझींनी गिळला. यान ओप्लेताल हा वैद्यकीय विद्यार्थी प्रागच्या निदर्शनांत गोळी लागून मरण पावला. त्याच्या अंत्ययात्रेनंतर, 17 नोव्हेंबर 1939 रोजी, नाझींनी चेक विद्यापीठं बंद केली, विद्यार्थी चळवळीशी संबंधित नऊ जणांना मारलं आणि 1,200 च्या आसपास विद्यार्थ्यांना साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत पाठवलं. 1942 मध्ये लिदित्से गावातले 173 पुरुष एका दिवसात गोळ्या घालून मारले गेले. ब्रनोच्या ज्यूंपैकी बहुतेक जण मृत्युछावण्यांतून परतले नाहीत, आणि त्यांतल्या अनेकांची भाषाही जर्मनच होती. शहरातल्या कौनित्स वसतिगृहाचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या राहत्या जागेचा, गेस्टापोने तुरुंग केला आणि तिथे शेकडो चेक देशभक्तांना ठार केलं. मे 1945 नंतर त्याच वसतिगृहात जर्मन कैदी कोंबले गेले. त्यांनाही तिथे बेदम मारहाण झाली, आणि काही जण जिवानिशी गेले.

सूड समजू शकतो, पण सात वर्षांच्या मुलीवर उगवलेला सूड समजून घेण्याची माझी तयारी नाही.

एडवर्ड बेनेश यांच्या अध्यक्षीय हुकूमनाम्यांनी जर्मनांचं नागरिकत्व आणि मालमत्ता काढून घेतली. दोन वर्षांत तीसेक लाख माणसं देशाबाहेर गेली. या सगळ्यात 15,000 ते 30,000 माणसं मेली असावीत, असा चेक आणि जर्मन इतिहासकारांच्या संयुक्त आयोगाचा अंदाज आहे. मे 1946 मध्ये 115 क्रमांकाचा कायदा आला. ऑक्टोबर 1945 अखेरपर्यंत स्वातंत्र्यलढ्यासाठी किंवा ‘न्याय्य प्रतिशोध’ म्हणून केलेली कृत्यं गुन्हा ठरणार नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. रिकामी घरं आणि जमिनी नव्या वस्तीकरांना वाटायचं काम कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या कृषिखात्याकडे होतं. 1946 च्या निवडणुकीत चेक प्रदेशांत त्या पक्षाला 40 टक्के मतं पडली, त्यात या वाटपाचा हात मोठा होता. ज्यांना घर मिळालं त्यांना ते परत जाण्याची भीती होती, आणि ती घालवण्याचं आश्वासन पक्ष देत होता. 1948 मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली, त्यानंतरच्या मौनाचं कारण इथे आहे. पक्षाला मौन सोयीचं होतं, आणि लोकांनाही.

ते मौन मोडायचा एक प्रयत्न कम्युनिस्ट काळातच झाला. स्लोव्हाक इतिहासकार यान म्लीनारिक यांनी 1978 मध्ये ‘डॅन्युबियस’ या टोपणनावाने, परदेशातून निघणाऱ्या एका चेक नियतकालिकात, जर्मनांच्या हकालपट्टीविषयी काही विधानं मांडली. एखाद्या समाजाला वंशावरून सामूहिक शिक्षा द्यायची सवय राज्याला लागली, की ते कुणालाच सुरक्षित ठेवत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पोलिसांचा राग अपेक्षितच होता. पण सरकारविरोधी गटांतल्या अनेक सुसंस्कृत माणसांनाही ते लिखाण सहन झालं नाही. पुढे म्लीनारिकना अटक झाली आणि मग देश सोडावा लागला.

नोव्हेंबर 1989 ची, कम्युनिस्ट सत्ता कोसळल्याची गोष्ट आपल्याकडे बरीच लिहिली गेली आहे, म्हणून थोडक्यात. ओप्लेताल प्रकरणाला पन्नास वर्षं झाली म्हणून 17 नोव्हेंबरला प्रागच्या विद्यार्थ्यांनी परवानगी घेऊन मोर्चा काढला. तो शहराच्या मध्याकडे वळताच नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी त्यांना कोंडून झोडपलं. विद्यार्थी संपावर गेले, नाट्यगृहं त्यांच्या मागे उभी राहिली, 27 तारखेला देश बंद पडला, आणि वर्ष संपायच्या आत सरकारविरोधी चळवळीतले नाटककार वाक्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. हावेलनी लगेचच जो विषय काढला, तो त्यांच्या बाजूच्या लोकांनाही नको होता. 15 मार्च 1990 रोजी, नाझी फौजा प्रागमध्ये शिरल्या त्याच तारखेला, पश्चिम जर्मनीचे अध्यक्ष रिशार्ड फॉन वाइत्सेकर यांच्यासमोर ते युद्धानंतरच्या हकालपट्टीतल्या अन्यायाविषयी बोलले. त्याआधीच, डिसेंबरात, त्यांनी माफीचा विचार बोलून दाखवला होता. त्यावरून देशात इतका गदारोळ झाला की राजकारण्यांनी धडा घेतला तो गप्प राहण्याचा. जानेवारी 1997 मध्ये दोन्ही सरकारांच्या प्रमुखांनी चेक-जर्मन जाहीरनाम्यावर सह्या केल्या. दोन्ही बाजूंनी खेद व्यक्त झाला आणि एक निधी उभा राहिला. दस्तऐवज चांगला होता. पण आमच्या गल्लीत, आमच्या आजोबांनी काय केलं, हा प्रश्न त्यात नव्हता.

तो प्रश्न विचारायला पुढची पिढी आली. या पिढीच्या कामाला मी 1989 च्या धैर्याच्या तोडीचं मानतो. 1989 च्या विद्यार्थ्यांसमोर ढाली-लाठ्या घेतलेले पोलीस होते आणि त्यांच्या मागे सगळा समाज होता. या नव्या विद्यार्थ्यांना लाठी खावी लागली नाही. त्यांना रविवारच्या जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या आजीला विचारावं लागलं, की हे कपाट आपल्याकडे आलं कुठून. पाठीशी उभा राहील असा जमाव त्यांना नव्हता.

1998 मध्ये प्रागच्या काही विद्यार्थ्यांनी ‘अँटिकॉम्प्लेक्स’ हा गट काढला. जर्मन म्हटलं की चेक मनात जी गाठ बसते ती सोडवायची, हा त्यांचा हेतू नावातच दिसतो. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे 2002 चं ‘नाहीसा झालेला सुदेतन प्रदेश’ हे प्रदर्शन आणि त्याचं पुस्तक. एकाच जागेची दोन छायाचित्रं शेजारी शेजारी: एक जुनं, एक आत्ताचं. जुन्या चित्रात चर्च, खानावळ, शाळा, माणसांनी गजबजलेला चौक. नव्या चित्रात झुडपं. मधला मजकूर थोडाच. प्रदर्शन गावोगाव फिरलं, शाळांत गेलं. त्यात कुणावर आरोप नव्हता, त्यामुळे पाहणाऱ्याला अंगावर धावून जायला कुणी सापडत नव्हतं. ही युक्ती नव्हती. आपल्याच गावाचा इतिहास आपल्याला माहीत नाही, हे त्या मुलांचं खरंखुरं दुःख होतं.

ब्रनोत 2000 च्या सुमारास ‘आंतरसांस्कृतिक सामंजस्यासाठी युवक’ अशा अर्थाच्या नावाचा एक गट पुढे आला. त्यातला ओंद्रझेय लिश्का पुढे ग्रीन पक्षाचा नेता आणि देशाचा शिक्षणमंत्री झाला. शहराने 1945 च्या घटनेबद्दल माफी मागावी, अशी त्यांची मागणी होती. हवा होता तो ठराव त्यांना तेव्हा मिळाला नाही. पण गोष्ट महापालिकेच्या दारात येऊन बसली, आणि एकदा आलेली गोष्ट पुन्हा हाकलणं कठीण असतं.

2007 मध्ये यारोस्लाव ओस्त्रचिलीक या मासारिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने वेगळंच केलं. कुणाकडे काही मागितलं नाही. मोजक्या सोबत्यांना घेऊन तो ब्रनोहून पोहोरझेलित्सेपर्यंत, 1945 च्या त्या वाटेने, 30 किलोमीटरच्या आसपास पायी गेला. पुढच्या वर्षी पुन्हा गेला. आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. आषाढी-कार्तिकीच्या वाटेवर वाढलेल्या मराठी वाचकाला चालण्याचं बळ काय असतं ते वेगळं सांगायला नको. ज्या रस्त्याने गाडी वीस-पंचवीस मिनिटांत जाते, त्या रस्त्याने मूल कडेवर घेतलेल्या बाईला किती वेळ लागला असेल, हे पायांना कळतं. सोबतीला येणारे हळूहळू वाढले. त्यांत त्या रात्री लहान मूल म्हणून चाललेली, आता ऑस्ट्रियात किंवा जर्मनीत म्हातारी झालेली माणसंही होती.

याच सुमारास, 2009 मध्ये, कातेरझिना तुच्कोवा या ब्रनोच्या तरुण लेखिकेची गेर्टा श्निर्श हिच्या हकालपट्टीवरची कादंबरी आली. गेर्टाचे वडील जर्मन, आई चेक, आणि तान्ह्या लेकीला घेऊन ती त्या रांगेत ढकलली जाते. पुस्तकाला वाचकपसंतीचा मोठा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी दाविद वोंद्राचेक यांच्या माहितीपटात प्रागमध्ये मे 1945 मध्ये नागरिकांना गोळ्या घातल्याचं जुनं चित्रीकरण देशाने दूरचित्रवाणीवर पाहिलं. उत्तरेकडच्या पोस्तोलोप्रती गावात, जिथे 1947 मध्ये 763 प्रेतं उकरून काढली गेली होती, तिथेही 2010 मध्येच स्मृतिफलक लागला. त्यावर ‘जर्मन’ हा शब्द घालायला मात्र गाव तयार झालं नाही. ‘निरपराध बळी’ एवढ्यावर भागवलं. मला हा फलक अपुरा वाटतो, तरी तो लावणाऱ्यांना मी कमी लेखणार नाही. तो ज्यांच्यामध्ये लावायचा होता, त्यांच्यातच त्यांना राहायचं होतं.

आणि मग 2015. घटनेला सत्तर वर्षं होत होती. महापौर पेत्र वोक्रझाल यांच्या काळात ब्रनो शहराने ते वर्ष सलोख्याचं वर्ष म्हणून पाळायचं ठरवलं. मे महिन्यात महापालिकेच्या सभागृहाने जाहीरनामा संमत केला: 1945 मध्ये घडलेल्या गोष्टींबद्दल शहराला मनापासून खेद आहे. कम्युनिस्टांचा विरोध होता. त्या वर्षी पदयात्रेची दिशाही उलटी केली गेली. पोहोरझेलित्सेहून निघून शेकडो माणसं ब्रनोकडे चालत आली, हाकललेल्यांना घरी आणावं तशी. यात्रा जुन्या ब्रनोत, मेंडेलच्या मठापाशी पोहोचली तेव्हा शहराचा महापौर स्वागताला उभा होता. आठ वर्षांपूर्वी जे काम एका विद्यार्थ्याने स्वतःच्या हिमतीवर आरंभलं, ते आता शहराचं झालं होतं.

त्याच वर्षी पलीकडे, जर्मनीतही काही हललं. हाकललेल्या सुदेतन जर्मनांच्या संघटनेने बेर्न्ट पोसेल्ट यांच्या नेतृत्वाखाली, गेलेली मायभूमी परत मिळवण्याचं उद्दिष्ट आपल्या घटनेतून काढून टाकायचा निर्णय घेतला. संघटनेतल्या काही जुन्या लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. 2016 मध्ये दानियेल हेरमान हे चेक संस्कृतिमंत्री त्यांच्या वार्षिक मेळाव्यात जाऊन बोलले. पदावर असलेला चेक मंत्री तिथे पहिल्यांदाच गेला. ब्रनोत ‘मीटिंग ब्रनो’ हा उत्सव सुरू झाला, आणि 2017 मध्ये तुगेंधात, ल्योव-बेअर, श्तियास्नी या शहराच्या जुन्या ज्यू उद्योजक घराण्यांचे वंशज जगभरातून एकत्र आले.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. जर्मनांच्या दुःखावर अश्रू ढाळताना लिदित्से झाकोळून जात नाही का? ज्या घरातून माणसं छळछावणीत गेली, त्या घराने हे ऐकावं का? हा प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्या चेक माणसाला मी द्वेष्टा म्हणणार नाही. पण ब्रनोच्या या लोकांनी जर्मनांचा शोक ज्यूंच्या आणि चेक बळींच्या शोकापासून कधी तोडला नाही, हे पाहायला हवं. शहराच्या जाहीरनाम्यातही महायुद्धाच्या सगळ्याच बळींची आठवण आहे. कौनित्स वसतिगृहाचे दोन्ही काळ सांगा, एवढंच त्यांचं मागणं आहे. जो पहिला काळ प्रामाणिकपणे सांगतो, त्यालाच दुसरा सांगायचा अधिकार पोचतो.

विजय मात्र झालेला नाही. जानेवारी 2013 च्या अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार कारेल श्वार्झेनबर्ग यांनी, बेनेश सरकारने जे केलं ते आज मानवाधिकारांचं गंभीर उल्लंघन ठरलं असतं, असं एका वादचर्चेत सांगितलं. त्यांचे प्रतिस्पर्धी मिलोश झेमान यांनी तो मुद्दा उचलला आणि निवडणूक जिंकली. श्वार्झेनबर्ग हरले ते केवळ त्या वाक्यामुळे असं म्हणता येत नाही, पण त्यानंतर असं वाक्य बोलायला धजणारे कमी झाले. बेनेश यांचे हुकूमनामे रद्द झालेले नाहीत. 115 क्रमांकाचा कायदाही तसाच आहे.

2025 मध्ये ‘मीटिंग ब्रनो’ने सुदेतन जर्मनांना त्यांचा वार्षिक मेळावा ब्रनोत भरवण्याचं निमंत्रण दिलं. राष्ट्रवादी पक्षांनी त्याविरुद्ध लगेच ओरड सुरू केली. निमंत्रण देणाऱ्यांमध्ये आता विद्यार्थी असलेले कमी आहेत. बरेच जण चाळिशीत पोचले आहेत, त्यांची स्वतःची मुलं शाळेत जातात. त्या मुलांच्या इतिहासाच्या तासाला 30 मे 1945 बद्दल काय शिकवायचं, हे ठरवणारे शिक्षक आज ब्रनोच्या विद्यापीठात शिकत आहेत.