मुदत नसलेल्या कोठडीतली सोबत

ब्रिटनमध्ये वास्तव्याचा परवाना संपलेल्या, आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलेल्या किंवा तुरुंगवास भोगून झाल्यावर मायदेशी पाठवायच्या असलेल्या परदेशी व्यक्तीला गृहखाते न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय ताब्यात ठेवू शकते. १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यावर आधारलेला हा अधिकार प्रशासकीय आहे. म्हणजे ही स्थानबद्धता गुन्ह्याची शिक्षा नसून, कागदपत्रांची छाननी किंवा रवानगी होईपर्यंत केलेली अडवणूक असते. गर्भवती स्त्रिया, एकटी मुले आणि मुले असलेली कुटुंबे वगळली, तर या स्थानबद्धतेला कायद्याने कमाल मुदत घातलेली नाही. त्यामुळे शिक्षा भोगणारा कैदी सुटकेचे दिवस मोजू शकतो, स्थानबद्धाला मात्र तेवढाही आधार नसतो.

या अनिश्चिततेतून येणारा एकटेपणा ओळखून १९९० च्या दशकात सामान्य नागरिकांचे भेटगट उभे राहिले. त्यांना जोडणारी ‘एव्हिड’ ही संस्था १९९४ मध्ये, तर गॅटविक विमानतळालगतच्या केंद्रांत जाणारा ‘गॅटविक डिटेनीज वेल्फेअर ग्रुप’ १९९५ मध्ये सुरू झाला. स्थानबद्धाने भेटीची इच्छा कळवल्यावर प्रशिक्षित स्वयंसेवक त्याच्याशी जोडून दिला जातो आणि ओळखपत्र दाखवून, झडती देऊन तो नियमितपणे भेटकक्षात येऊ लागतो. स्वयंसेवकाने इमिग्रेशनविषयक कायदेशीर सल्ला द्यायचा नसतो, कारण १९९९ च्या कायद्यानुसार पात्रतेशिवाय असा सल्ला देणे गुन्हा आहे. वकिलाशी गाठ घालून देणे, कपडे किंवा फोनचे रिचार्ज मिळवून देणे एवढे मात्र भेटगट करू शकतात. कोणाला अचानक जामीन मिळतो, कोणाला दुसऱ्या केंद्रात हलवले जाते, कोणाची रवानगी होते, आणि ओळख निरोपाविना तुटते. तरीही ठरल्या वेळी कोणीतरी येईल, आपल्याला प्रकरण क्रमांकाने नव्हे तर नावाने हाक मारील, हा भरवसा कोठडीतल्या माणसाला फार मोलाचा असतो.

या भेटींचे दुसरे मोल सार्वजनिक आहे, कारण बंद दारांआड काय चालते हे समाजाला कळण्याची एक वाट त्यांतून मोकळी राहते. अशी वाट किती गरजेची आहे, हे घडलेल्या प्रकारांतून दिसते: गॅटविकजवळच्या ब्रूक हाऊस या स्थानबद्धता केंद्रातील अत्याचार २०१७ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने गुप्त चित्रीकरणातून उघड केले आणि केट इव्ह्ज यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने २०२३ च्या अहवालात स्थानबद्धतेला २८ दिवसांची मर्यादा घालण्याची शिफारस केली. गॅटविक गटानेही २०१५ पासून ‘रेफ्युजी टेल्स’ या उपक्रमातून पदयात्रा काढून आणि स्थानबद्धांच्या कहाण्या लेखकांकरवी लोकांसमोर आणून बेमुदत स्थानबद्धता थांबवण्याची मागणी लावून धरली आहे. तशी मर्यादा अद्याप कायद्यात आलेली नाही. सहृदय भेट अन्यायकारक नियमाची भरपाई करू शकत नाही, हे भेटीला जाणाऱ्यांना इतरांपेक्षा अधिक स्पष्टपणे दिसते. म्हणूनच माणसाला सोबत देणे आणि कायदा बदलण्याचा आग्रह धरणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकच मानली आहेत.