तिसऱ्या काडतुसापाशी थांबणारी बंदूक

आमच्या घरी ठासणीची जुनी बंदूक आहे. पीकसंरक्षणाचा परवाना आधी आजोबांच्या नावावर होता, आता वडिलांच्या आहे. नळीत दारू घालायची, गजाने ठासायची, वर केप बसवायची. एवढे सोपस्कार झाले की एक बार निघतो. त्या आवाजाने रानडुकरे पळतात, पण दुसरा बार भरेपर्यंत पुन्हा भातात शिरतात. त्यामुळे परदेशी बंदुकीत पाच काडतुसे राहतात हे ग्रंथालयात वाचले तेव्हा मला हेवाच वाटला. पुढे वाचतो तो काय, अमेरिकेच्या कायद्याने त्यांतली दोन काढून घेतलेली!

छऱ्यांच्या बंदुकीला तिकडे शॉटगन म्हणतात. नळीखाली आणखी एक नळी असते, तिचे नाव मॅगझीन. (आपले हे वार्षिक नव्हे!) एक बार झाला की तिच्यातले पुढचे काडतूस वर येते. ब्राउनिंगच्या प्रसिद्ध बंदुकीचे नावच 'ऑटो-५' होते. अशा बंदुका आल्यावर पाणथळीतल्या बदकांचे काय झाले असेल ते सांगायला नको. त्यात १९३० नंतर दुष्काळ पडला. अखेर १९३५ साली नियम झाला की, स्थलांतरित पक्ष्यांची शिकार करताना बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत. एक चेंबरमध्ये, दोन मॅगझीनमध्ये.

'मावता कामा नयेत' हे शब्द महत्त्वाचे. खिशात दोनच काडतुसे असली तरी सुटका नाही. मॅगझीनमध्ये लाकडाची वा प्लॅस्टिकची अखंड दांडी बसवावी लागते, आणि तीही अशी की बंदूक उघडल्याशिवाय ती निघू नये. पहाटेच्या अंधारात प्रत्येक शिकाऱ्यामागे पहारेकरी कोठून आणणार? त्याऐवजी बंदुकीत काडतुसे सारून पाहिली की निकाल लागतो. मला ही युक्ती फार आवडली. स्नो गूज नावाचे पांढरे हंस मात्र अतोनात वाढून उत्तरेकडील गवताळ भूमी उजाड करू लागले, तेव्हा १९९९ पासून त्यांच्यासाठी ठराविक काळात ही दांडी काढण्याची मुभा मिळाली.

घराच्या रक्षणासाठी ठेवलेल्या बंदुकीला हा नियम लागू नाही. काही राज्यांचे वेगळे निर्बंध आहेत, ते सोडले तर दिवसा बदकांसाठी नेलेली तीच बंदूक रात्री दांडी काढून पूर्ण भरता येते. म्हणजे पाखराची काळजी आधी घेतली गेली! ब्रिटनमध्ये मात्र माणसे मेल्यावर कायदा हलला. हंगरफर्ड येथे १९८७ साली एका माणसाने १६ जणांना ठार केले. १९८८ च्या कायद्याने साध्या शॉटगन परवान्यावर मॅगझीनमध्ये दोनच काडतुसांची मर्यादा आली. बदके आणि माणसे, दोन्ही वाटांनी आकडा तीनच निघाला.

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. काडतुसाच्या बंदुकीसाठी अर्ज करूया, असे मी सुटीत वडिलांना म्हणालो. ते गज पुसत होते. म्हणाले, "दुसरा बार हातात असला, तर पहिला कोण नीट बघून काढणार? वाडीतली पोरंही रात्री राखणीला असतात."

त्याच रात्री कळप आला. एक बार झाला. मी केप शोधेपर्यंत अर्धा कुणगा गेला होता.