धूळ सगळ्यांची, दावा कुणाचा?

चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती तालुक्यातल्या बरांजच्या खाणीतला कोळसा कर्नाटकातल्या वीज केंद्रासाठी जातो. शेजारी माजरी भागात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या खाणी आहेत. या पट्ट्यातली गाऱ्हाणी ठरलेली: अंगणात कोळशाची धूळ, रस्त्यावर ट्रकांची रांग, ब्लास्टिंगचे हादरे, भिंतींना भेगा. २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषणाची मोजदाद झाली, तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर चौथे होते.

मग एखाद्या गावकऱ्याने सरळ कोर्टात का जाऊ नये?

जाता येते, पण हव्या त्या दाराने नाही. सगळ्यांना होणारा त्रास म्हणजे सार्वजनिक उपद्रव. त्यासाठी ज्याने त्याने वेगळा दावा लावला, तर एकाच धुळीचे हजार खटले उभे राहतील. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९१ सांगते, की असा दावा राज्याच्या महाधिवक्त्याने लावावा, नाहीतर किमान दोन व्यक्तींनी न्यायालयाची परवानगी घेऊन. पूर्वी या दोघांनाही महाधिवक्त्याची लेखी संमती लागे. १९७६च्या दुरुस्तीने ती अट गेली. आपले वेगळे नुकसान झाल्याचे त्यांना दाखवावे लागत नाही. एकट्याने जायचे असेल, तर मात्र इतरांपेक्षा निराळी हानी सिद्ध करावी लागते. धूळ गावाची असते. भेग एका घराची.

'आमच्या कोळशावर वीज बनते' हा बचावही फौजदारी कायद्यात चालत नाही. काही सोय किंवा फायदा होतो म्हणून सार्वजनिक उपद्रव माफ होत नाही, असे व्याख्येतच लिहिले आहे. शिक्षा मात्र तुटपुंजी. भारतीय न्याय संहितेत, वेगळी शिक्षा ठरवलेली नसेल तिथे, दंड जास्तीत जास्त १,००० रुपये.

स्वस्त आणि जवळचे दार आहे दंडाधिकाऱ्याचे. उपद्रव हटवायचा हुकूम तो देऊ शकतो: फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२. याच कलमाच्या बळावर १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांनी रतलाम नगरपालिकेला गटारे बांधायला लावली. तिजोरीत पैसे नाहीत ही सबब ऐकली नाही. जल आणि वायू प्रदूषणाचे कायदे आले तरी हे कलम जिवंत आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये स्पष्ट केले. पण त्यालाही कुंपण आहे. महाराष्ट्रातल्या मिरचीच्या गोदामांच्या प्रकरणात २००४ साली न्यायालय म्हणाले, की धंद्याचा अपाय आज, प्रत्यक्ष होत असला पाहिजे. शेजाऱ्यांची खासगी भांडणे मिटवायला हे कलम नाही.

खरी अडचण पुढे आहे. हवा, पाणी, पर्यावरण यांच्या कायद्यांतून उठणारा मोठा प्रश्न असेल, तर २०१०च्या कायद्याने दिवाणी न्यायालयाचे दार बंद करून तो राष्ट्रीय हरित लवादाकडे दिला आहे. महाराष्ट्रासाठी लवादाचे खंडपीठ पुण्यात. भद्रावतीहून अख्खे राज्य ओलांडून जायचे. शिवाय मुदत सहा महिन्यांची, तीही वादाचे कारण पहिल्यांदा घडले तिथपासून. पटण्याजोगे कारण असेल तर आणखी ६० दिवस. नुकसानभरपाईसाठी पाच वर्षे मिळतात. साध्या दिवाणी दाव्यात चालू राहणाऱ्या उपद्रवाची मुदत रोज नव्याने सुरू होते. ही सवलत लवादाच्या दारात गृहीत धरता येत नाही.

मर्यादांची ही चर्चा आपल्याकडेच आहे असे नाही. २०२१मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वेदनाशामक औषधांबद्दल एका कंपनीवर बसवलेला ४६.५ कोटी डॉलरचा भुर्दंड रद्द केला. औषध बनवणे-विकणे सार्वजनिक उपद्रवाच्या कायद्यात बसत नाही, हे कारण. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कचऱ्याच्या प्रकरणात उलट दिशेला एक फट उघडली: कुणी अर्ज केला नाही तरी लवाद स्वतःहून दखल घेऊ शकतो.

त्या दखलेची वाट न पाहता जायचे असेल, तर कागद आधीपासून हवेत: भेगेचा तारखेसह फोटो, ग्रामसभेचा ठराव, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात दिलेल्या तक्रारीची पोच. सहा महिने कधीपासून मोजायचे, हा वाद पहिल्याच तारखेला निघतो.