उतारवयाची सोबत – भाग ७ : ऐकू येतं, पण कळत नाही

मागच्या भागात न्हाणीघरातली ओली फरशी आणि रात्री उठताना जाणारा तोल यांबद्दल आपण बोललो. तो धोका दिसतो, म्हणून घरचे लगेच हात धरायला धावतात. आजचा विषय कान, आणि कानासाठी कुणी धावत नाही. उलट बहुतेक घरांत एक वाक्य ठरलेलं असतं : "त्यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं!" आपल्या तोंडून हे वाक्य पुन्हा निघू नये, यासाठी हा सगळा भाग लिहिते आहे.

वय वाढतं तसे सगळेच आवाज सारखे कमी होत नाहीत. आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यातल्या सूक्ष्म केसपेशींपैकी उंच पट्टीतले आवाज टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात, आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असल्यामुळे ते पोचतात. स, श, फ, थ, त, क ही व्यंजनं हलकी आणि उंच पट्टीतली, ती गळतात. 'ताट', 'पाट', 'काठ', 'साठ' या चारही शब्दांतून आजोबांच्या वाट्याला जेमतेम तो 'आ' येतो. बाकीचं मेंदूला अंदाजानं भरावं लागतं. दुपारी चारच्या सुमारास "चहा टाकू का?" हा प्रश्न अपेक्षितच असतो, म्हणून तो लगेच कळतो. "बँकेतून फोन आला होता" हे ओट्याकडे तोंड करून, कुकरची शिटी होत असताना सांगितलं तर कळत नाही. त्यात सोय-गैरसोय पाहण्याचा प्रश्नच नसतो. नातवंडांचे बारीक, भरभर बोलणारे आवाज तर सगळ्यात आधी निसटतात. आजी-आजोबांच्या मनाला तेच सगळ्यात जास्त लागतं.

मग आपण ओरडायला लागतो. ओरडल्यानं स्वर फुगतात, व्यंजनं होती तिथेच राहतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नसला तरी मोठा आवाज इतरांइतकाच, कधी जास्तही खुपतो. "जरा मोठ्यानं बोल" आणि पाठोपाठ "ओरडतेस कशाला?" ही दोन्ही वाक्यं तितकीच खरी असतात. त्यापेक्षा आधी नावानं हाक मारावी, त्यांनी पाहिलं की समोर उजेडात बसून सावकाश बोलावं, टीव्ही बंद करावा. एखादं वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावं. आणि "जाऊ दे, काही नाही" हे उत्तर कधीही देऊ नये. एवढं एक पाळलं तरी घरात फरक दिसतो.

कारण पुढची पायरी वाईट आहे. दर वेळी "काय म्हणालीस?" विचारायची लाज वाटते. माणूस नुसती मान डोलावू लागतो, मग भजनी मंडळात जाणं सोडतो, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरतो. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगानं २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाची गणना केली आहे. कानाला ऐकण्याचं मशीन लावलं की स्मरणशक्ती शाबूत राहील, अशी हमी मात्र यातून मिळत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत सर्वसाधारण ज्येष्ठांमध्ये तीन वर्षांत फारसा फरक आढळला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात तो स्पष्ट दिसला. माझ्या मते, मशीन लावायला नातवाचं बोलणं कळणं हे कारणच पुरेसं आहे.

सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून करावी. कधी कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढल्यावर काम भागतं. घरी तेल, पिना, काड्या घालू नयेत. मग ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणशक्तीची तपासणी. तिचा आलेख पाहून मशीन त्या कानासाठी बसवायचं असतं. जाहिरात पाहून मागवलेलं आवाज वाढवायचं यंत्र सगळंच सरसकट मोठं करतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत १९८३ पासून तपासणीचं आणि मशीन बसवण्याचं काम चालतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात मिळतात. चांगल्या डिजिटल मशीनला ते पुरत नाहीत, पण हातभार लागतो.

मशीन आणलं आणि ते कपाटात गेलं, ही कथा घरोघरी आहे. पहिल्या दिवशी पंखा, भांडी, वर्तमानपत्राचं पान, स्वतःचीच पावलं असं सगळं अंगावर येतं, कारण मेंदू ते आवाज विसरलेला असतो. शांत खोलीत रोज तासभर, मग दोन तास, असं वाढवत न्यावं. सवय व्हायला काही आठवडे लागतात. मशीनमधून शिटी वाजत असेल तर कानातला साचा नीट बसलेला नाही, परत दाखवावं. बटणासारख्या बॅटरीवरचा रंगीत कागद काढल्यावर ती मिनिटभर हवेत ठेवून मग घालावी. रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवावं, कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात तर न चुकता. थरथरत्या बोटांना हे जमत नाही. हे काम घरातल्या कुणीतरी स्वतःकडे घ्यावं.

आणि एक तातडीचं. हळूहळू उतरणारी श्रवणशक्ती वेगळी. सकाळी उठल्यावर अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर 'सर्दीनं दडा बसला असेल' म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा. या दुखण्यात औषध पहिल्या काही दिवसांतच चांगलं लागू पडतं.