छावणी गेली, गाव राहिलं

शिरूर हे तालुक्याचं नाव. गावाला मात्र जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. नदीकाठचं हे गाव वाढलं ते फौजेमुळे. १८०२ च्या वसईच्या तहानंतर कंपनीची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली आणि तिची छावणी इथे पडली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथूनच निघाली. दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला तिची पेशव्यांच्या सैन्याशी गाठ पडली. कोरेगावची चर्चा दरवर्षी होते, शिरूरचं नाव त्यात क्वचितच येतं.

छावणीची खरी गंमत कर्नल वॉलेसच्या थडग्यात आहे. असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर लढलेला हा अधिकारी १८०९ मध्ये शिरूरला वारला. पुढे गावकऱ्यांनी त्याला चक्क ‘सत्पुरुष’ करून टाकलं. ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर आसपासच्या खेड्यांतले लोक सुगीत पहिलं धान्य नैवेद्य म्हणून त्याच्या थडग्यावर वाहत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. राज्य बुडवायला आलेल्या फौजेतला साहेब, आणि त्याला नव्या जोंधळ्याचा नैवेद्य! इतिहासाच्या पुस्तकांना हे पचत नाही. गावाला मात्र कसलीच अडचण आली नाही. म्हसोबा-वेताळांच्या पंगतीत आणखी एकाला पाट मांडला, इतकंच.

१८६८ मध्ये शिरूरला नगरपालिका आली. पुढे फौज गेली, पण पालिका टिकली. मात्र छावणी उठली की तिच्यावर जगणाऱ्या बाजाराचं काय करायचं, हा प्रश्न राहिलाच. त्यातच रेल्वेने गावाला बगल दिली. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये दौंडवरून दिक्सळपर्यंत पोचला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, १९१४ मध्ये बारामतीची छोटी गाडी आली, आणि भीमेकाठचं दौंड जंक्शन झालं. शिरूरच्या वाट्याला नगरचा रस्ता उरला.

दौंडचं रूप कळायचं तर फलाटावर थांबावं. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला लागायचं. तेवढ्या वेळात गाडीभर माणसं चहाला उतरायची. दौंड म्हणजे इंजिन बदलायची जागा, एवढीच निम्म्या महाराष्ट्राला या गावाची ओळख. आता मूळ स्थानकाला बगल देणाऱ्या कॉर्ड लाइनवर वेगळं स्टेशन झाल्याने अनेक गाड्या मूळ स्थानकात शिरतच नाहीत. प्रवाशांचा वेळ वाचतो, हे खरंच. पण थांबण्यावर जगणाऱ्या गावांचं नुकसान कुणाच्या हिशेबात धरलं जात नाही.

शिरूरनेही हे पाहिलं आहे. पुणे-नगर रस्त्यावरची वाहतूक आता गावाबाहेरून वळते. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि त्या जागी सरकारी अनुदान आलं. तेव्हापासून छोट्या पालिकेला साध्या गटारासाठीही मुंबईकडे डोळे लावून बसावं लागतं. माणिकचंद समूहाचे रसिकलाल धारिवाल इथे अनेक वर्षं नगराध्यक्ष होते. उद्योगपतीच कारभारी असण्याचा तो काळही मागे पडला. नोकऱ्या आल्या त्या रांजणगावच्या एमआयडीसीत, म्हणजे पालिकेच्या हद्दीबाहेर. तिथल्या कामगारांनी शहरात घरं केली. त्यांच्या पाण्याची आणि कचऱ्याची सोय मात्र पालिकेनेच करायची.

पाणी हा तर या दोन्ही गावांचा कायमचा विषय. शिरूरच्या घोड नदीवर वरच्या अंगाला डिंभे, खाली चिंचणीचं धरण. त्यामुळे नदी वाहते ती आवर्तनाच्या तारखेप्रमाणे. भीमेचं दुखणं वेगळं आहे. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा तिला मिळते आणि पुण्याने वापरून सोडलेलं पाणी घेऊन येते. पुढे घोडही भीमेला मिळते आणि हे सगळं पाणी दौंडवरून उजनीत जातं. पावसाळ्यात सोलापूरकर रोज सकाळी ‘दौंडचा विसर्ग’ किती, हे पेपरात पाहतात. धरण किती भरणार, ते त्यावर ठरतं. त्या दिवसांत दौंडचं नाव सगळीकडे असतं. एप्रिलमध्ये भीमेच्या पात्रात जलपर्णी साचते, तेव्हा तिच्याबद्दल निवेदनं द्यायला काठावरचेच लोक उरतात.