लॅपटॉप बिघडला, जबाबदारी कुणाची?

वॉरंटी संपून जेमतेम वीस दिवस होतात आणि लॅपटॉपची हिंज कडकन तुटते. किंवा पावसाळ्यात एक दिवस स्क्रीन काळी पडते ती कायमचीच. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत तुमचा मुलगा किंवा मुलगी नोकरीला असेल, तर असा फोन तुम्हालाही आला असेल. हजारो इंजिनिअर जिथे रोज कॉम्प्युटरवर काम करतात, तिथेही सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उत्तर एकच मिळतं, "मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल." खर्च ऐकला की नवा लॅपटॉपच बरा वाटतो.

मग कंपन्या जबाबदारी घेतच नाहीत का? घेतात, पण बिघाड हजारो मशीनमध्ये निघाला आणि बोभाटा झाला की. २००६ मध्ये डेलने सोनीच्या सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, कारण त्या पेट घेऊ शकत होत्या. २००८ मध्ये एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपमध्ये दोष निघाला, तेव्हा काही लॅपटॉप कंपन्यांनी वॉरंटी वाढवून दिली. ॲपलच्या 'बटरफ्लाय' कीबोर्डची बटणं अडकू लागली. २०१८ मध्ये कंपनीने त्यांची दुरुस्ती खरेदीपासून ४ वर्षं मोफत केली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांशी ५ कोटी डॉलरची तडजोड केली. या उदाहरणांत ग्राहक एकटा नव्हता. तुमची तुटलेली हिंज मात्र एकटीच असते, आणि कंपनी सरळ म्हणते, "लॅपटॉप तुमच्या हातून पडला असेल."

इथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा कामी येतो. तो जुलै २०२० पासून लागू आहे. पूर्वी तक्रार साधारणपणे कंपनी किंवा दुकान जिथे असेल तिथे करावी लागायची. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगातही ती करता येते. म्हणजे लॅपटॉप बाबांनी पुण्यात घेऊन दिला असेल आणि लेक इलेक्ट्रॉनिक सिटीत राहत असेल, तरी बिल तिच्या नावावर असल्यास तिला पुण्याला खेटे घालायला नकोत. बिल लेकीच्याच नावाने करण्याचा शहाणपणा आपल्याकडे फार कमी घरांत दिसतो, ते जाऊ दे!

किंमत ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. दोष सिद्ध झाला तर आयोग दुरुस्ती करून देण्याचा, लॅपटॉप बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो. वॉरंटी संपली म्हणून मुळातल्या दोषाची तक्रार आपोआप बाद होत नाही. पण दोष मुळातलाच होता हे तुम्हाला दाखवावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच असते. बॅटरी पेटून कुणी भाजलं, तर भरपाईचा दावा वेगळा, थेट उत्पादकावरही.

ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपचा प्रश्न ऑफिसच सोडवेल, तिथे तुम्ही ग्राहक नाही. मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी घरून काम करणाऱ्याने स्वतः विकत घेतलेला लॅपटॉप असेल, तर तो ग्राहकच ठरतो.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुष्कळ तक्रारी तिथेच मार्गी लागतात. नाही लागली तर ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. त्यासाठी कागद हवेत. म्हणून लॅपटॉप काउंटरवर ठेवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, बिघडला असेल त्या जागेचा छोटा व्हिडिओ घ्या. जॉब शीटवर 'डेंट' किंवा 'लिक्विड डॅमेज' असं काही लिहिलेलं असेल आणि ते खरं नसेल, तर सही करण्यापूर्वी तिथेच खोडायला लावा. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने कंपनीला कळवा. आणि मशीन सुरू होत असेल तर लग्नाचे फोटो आधी पेनड्राइव्हवर घ्या. मदरबोर्डबरोबर ते गेले, तर बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत त्यांची भरपाई नसते.